मदत हवी आहे : पोटॅशियम ब्रोमाइड घालूनही निगेटिव्हवरचा फॉग जात नाही

किनाराकर (मालवण) :
मी डी-७६ डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारे द्रावण) घरीच तयार करतो. गेल्या तीन रिळांवर, अगदी छिद्रांच्या कडेलाही, सर्वत्र करडा थर, म्हणजे फॉग, आला आहे. ब्रोमाइडने फॉग दबतो असे वाचून ते घातले. थर किंचित कमी झाला, मात्र सावल्यांतला तपशील पुसला गेला. रविवारी शिमग्याच्या पालखीची दोन रिळे धुवायची आहेत आणि ती दृश्ये पुन्हा मिळणार नाहीत. ब्रोमाइड आणखी किती वाढवावे, एवढे कृपया लवकर सांगावे.

जांभा :
ब्रोमाइड किती घातले, फिल्म किती जुनी आहे आणि तापमान किती होते, हे कळल्याशिवाय आकडा देता येणार नाही. डी-७६च्या मूळ सूत्रात (लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम) ब्रोमाइड नाहीच. फिल्मचा एक तुकडा डेव्हलप न करता थेट हायपोत (चित्र कायम करणाऱ्या द्रावणात) टाकून पाहावा. तो स्वच्छ निघाला तर हायपो निर्दोष आहे.

रीळवाला :
ब्रोमाइडऐवजी बेंझोट्रायझोल हे फॉग आवरणारे दुसरे रसायन वापरावे. एक टक्का द्रावण लिटरला दहा-पंधरा मिली घातल्यावर माझ्या जुन्या ब्रोमाइड कागदांवरचा (फोटो छापण्याच्या कागदांवरचा) पांढरा रंग अगदी स्वच्छ आला.

जांभा :
कागदाचा अनुभव फिल्मला लावू नये. कागदाला जास्त प्रकाश देऊन गेलेला वेग (प्रकाशाची संवेदनक्षमता) भरून काढता येतो, पण पालखी निघून गेली आहे. आवरणारे कोणतेही रसायन फॉगबरोबर कमी प्रकाश मिळालेल्या कणांनाही रोखते, आणि सावल्या त्याच कणांच्या असतात.

सागरतीर :
मेटॉलचा आग्रह कशासाठी? इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी यांवर मी उत्तम निगेटिव्ह काढल्या आहेत.

किनाराकर :
तुकडा हायपोत स्वच्छ निघाला. फिल्म नवी आहे. ब्रोमाइड लिटरला अर्धा चमचा घातले. वेळ तक्त्याप्रमाणे आठ मिनिटे दिली. तापमान मोजले नाही, पण पाणी माठातले असल्याने गारच असणार. डेव्हलपर दोन महिन्यांपूर्वीचा आहे.

वेंगुर्लेकरीण :
माठातले पाणी गार होते ते बाष्पीभवनामुळे, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत ते फारसे होत नाही. माझ्या माठातले पाणी मार्चमध्ये २७ अंश भरले होते. तक्त्यातली आठ मिनिटे २० अंशांची असतात. शिवाय ठेवलेल्या डी-७६ची अल्कता हळूहळू वाढते आणि तो अधिक जोरकस होतो. म्हणूनच त्याचे बोरॅक्स व बोरिक अॅसिड प्रत्येकी ८ ग्रॅम असलेले रूप निघाले, ज्यात अल्कता स्थिर राहते. मी तेच करते.

रीळवाला :
उष्ण हवेत सोडियम सल्फेट घालण्याची जुनी पद्धतही आहे.

वेंगुर्लेकरीण :
ते जिलेटिन फुगू नये म्हणून घालतात. त्याने फॉग दबत नाही, उलट वेळ वाढवावी लागते.

जांभा :
अर्धा चमचा म्हणजे दोन-तीन ग्रॅम, आणि सावल्या पुसण्यास तेवढे पुरे आहे. किनाराकर, ब्रोमाइड पूर्ण बंद करा. ताजा डी-७६ करा, बर्फाच्या पाण्यात बाटली उभी करून तो २४ अंशांवर आणा आणि आठऐवजी सुमारे साडेपाच मिनिटे द्या. पालखीच्या रिळांआधी प्रकाश न लागलेला तुकडा धुऊन पाहा.

किनाराकर :
तापमापक आणला, माठ २९ अंश निघाला. ताज्या डेव्हलपरमध्ये, २४ अंशांवर, साडेपाच मिनिटांत कोरा तुकडा पारदर्शक आला आहे. पालखीचे पहिले रीळ आज रात्री धुतो, आणि ते पाहूनच दुसऱ्याला हात लावीन. ब्रोमाइडची बाटली कागदांसाठी वेगळी ठेवली आहे.