शब्दचर्चा : ‘परीलोकाचं प्रवेशद्वार’ याला आपला शब्द कोणता?

मुलांसाठी वेल्समधल्या लोककथा मराठीत आणते आहे आणि एका शब्दावर चार दिवस अडले आहे. ब्रेकन बीकन्सच्या डोंगरात पेन-अ-व्हान शिखराखाली लिन कूम ल्लूख नावाचं छोटंसं तळं आहे. तिथे म्हणे दर १ मे रोजी खडकात एक दार उघडायचं. आत गेलं की बाहेरून न दिसणाऱ्या बेटावर पऱ्यांची बाग. फळं, फुलं, गाणी, सगळा पाहुणचार. अट एकच : तिथलं काही बाहेर न्यायचं नाही. एकाने एक फूल खिशात घातलं. बाहेर पाऊल टाकताच फूल नाहीसं झालं आणि ते दार पुन्हा कधीच उघडलं नाही.

आयर्लंडमधले जुने मातीचे गोल कोट, माळावरचं एकटं हॉथॉर्नचं झाड, स्कॉटलंडमधली ॲबरफॉइलजवळची डून हिल, अशा जागांनाही तिकडे परीराज्याच्या वाटा मानतात. मी ‘परीलोकाचं प्रवेशद्वार’ लिहिलं, मोठ्याने वाचलं आणि खोडलं. प्रवेशद्वार म्हटलं की डोळ्यांसमोर सभागृह येतं, डोंगर येत नाही. काय म्हणावं?

———

ताई, अडचण ‘द्वार’मध्ये आहे तशी ‘परी’मध्येही आहे. परी आपल्याकडे फारसीतून आली. इंग्रजी ‘फेअरी’ शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या नियतीच्या देवतांच्या नावात. कानाला जवळचे वाटले तरी दोघांचं कूळ वेगळं. आपल्या पाण्याकाठी ज्या राहतात त्या आसरा. संस्कृत अप्सरा, प्राकृत अच्छरा, मराठी आसरा. निवाऱ्याचा ‘तो आसरा’ वेगळा, तो आश्रयातून आला. ही ‘ती आसरा’, आणि बहुधा सातजणी एकत्र : साती आसरा. काही भागांत मावलाया म्हणतात.

माझं आजोळ मुळशीकडचं. ओढ्याच्या डोहापाशी शेंदूर लावलेले सात तांदळे, म्हणजे देव मानलेले अनघड दगड, ओळीने होते, पुढे हिरव्या बांगड्या आणि खणाचा तुकडा. आजी चपला लांब काढायची, घागर बुडवण्याआधी म्हणायची, “पाणी नेते गं बायांनो.” मग घागर बुडवायची. त्या जागेला ती दार वगैरे कधीच म्हणाली नाही. “आसरांचं ठिकाण हाय, दंगा करू नका,” एवढंच. आपल्याकडे पलीकडे जायचं नसतंच. ती जागा कुणाची तरी असते, आपण ओटी भरायची आणि मागे फिरायचं. देवराईचंही तेच, पडलेली काटकीसुद्धा घरी आणायची नाही. म्हणून माझं मत ‘ठिकाण’ किंवा ‘स्थान’ या शब्दांना.

आणि तुमची फुलाची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. आपल्याकडे कितीतरी टाक्यांची आणि तळ्यांची हीच गोष्ट आहे! लग्नकार्य निघालं की आदल्या दिवशी पाण्यापाशी जाऊन भांडी मागायची, सकाळी काठावर भांडी हजर. कुणीतरी एक वाटी ठेवून घेतली, तेव्हापासून भांडी येणं बंद.

———

‘ठिकाण’ छान, पण वरच्या कथेत माणसं खरोखर आत जातात, ते ठिकाण या शब्दात येत नाही. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरून पाताळेश्वरात उतरून बघा. आठव्या शतकाच्या सुमाराचं, अखंड खडकात खोदलेलं लेणं. दहा पावलांत रिक्षांचा आवाज मागे पडतो, समोर गोल नंदीमंडप आणि पायाखाली गार दगड. कुठे चाललो आहोत ते नावातच सांगितलेलं. मी ‘उतरण’ सुचवेन.

‘चकवा’ही विसरू नका. रानात तीच वाट पुन्हा पुन्हा पायाखाली येते ना, तसं इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये झालं तर पिक्सींनी, म्हणजे तिकडच्या खोडकर छोट्या पऱ्यांनी, वाट चुकवली म्हणतात आणि कोट उलटा करून घालतात. चकवा ‘लागतो’, आपण त्यात ‘शिरत’ नाही. क्रियापद जपा.

———

दोघांचेही मनापासून आभार. काका, आजींचं वाक्य वाचून कळलं की मी नाम शोधत होते आणि अडलं होतं क्रियापद. आपल्याकडे उंबरठा जागेपेक्षा वेळेला जास्त असतो. तिन्हीसांजा, कातरवेळ, भर दुपारचे बारा, अवसेची रात. वेल्समध्येही दार रोज उघडत नाही, वर्षातून एकदाच. त्यामुळे ‘प्रवेशद्वार’ काढून टाकलं. आता वाक्य असं आहे :

“तळ्याकाठी एक ठिकाण होतं. वर्षातून एक दिवस तिथला खडक वाट द्यायचा.”

यमुनेने वसुदेवाला वाट दिली तशी. ‘उतरण’ पुढच्या, भुयाराच्या कथेसाठी राखून ठेवते. पऱ्यांना मात्र पऱ्याच ठेवणार आहे. आसरा म्हटलं तर त्या मुळशीच्या होतील, आणि ह्या वेल्सच्या आहेत. काका, एक विचारायचं राहिलं : तुमच्या आजी ‘आसरांचं’ म्हणायच्या की ‘आसरांयचं’? कथेतली म्हातारी तसंच बोलावी असं वाटतं.