मदत हवी आहे: ४० दिवसांच्या लेकराला ताप, व्हायरल निघालं तरी लघवी-रक्ताची तपासणी

नमस्कार. धाकटी बहीण बाळंतपणाला आमच्याकडे केजला आलेली आहे, लेकरू ४० दिवसांचं. काल रात्री अंग तापलेलं लागलं, काखेत थर्मामीटर लावला तर १०१. तशीच गाडी करून अंबाजोगाईला आणलं, भरती केलंय.

घरात सगळ्यांनाच सर्दी होती. नाकातल्या नमुन्यात आरएसव्ही (सर्दी-खोकल्याचा एक विषाणू) निघाला. तरी डॉक्टर नळीने लघवी घ्यायची आणि रक्ताचं कल्चर (रक्तात जिवाणू वाढतात का ते बघायची तपासणी) करायचं म्हणतात. तीन महिन्यांच्या आतल्या लेकराला विषाणू सापडला तरी सोबत जिवाणूंचा संसर्ग असू शकतो, त्यातही लघवीचा जास्त, आणि नुसतं बघून तो कळत नाही. मला हे पटलंय. पण बहिणीच्या सासूबाई म्हणतात, "व्हायरलच हाय ना, मग एवढ्याशा जिवाला कशाला टोचायचं?" त्या घरी न्या म्हणून बसल्यात. बहीण नुसती रडतेय.

कुणाच्या बाळाचं असं झालं होतं का? कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंत दोन दिवस अँटिबायोटिक चालू ठेवलं होतं का? इथे कुणी बालरोगतज्ज्ञ असतील तर सोप्या भाषेत दोन ओळी लिहा, मी सासूबाईंना वाचून दाखवते. काढा, घुटी कृपया सुचवू नका.