मदत हवी आहे: बोनमॅरोसाठी सख्खा मेव्हणा जुळला, पण तो मागेपुढे बघतोय

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. मी एरवी इथे फक्त सोयाबीन-कापसाचे धागे वाचतो, लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही गंगाखेड तालुक्यातले. बायको 41 वर्षांची. श्रावणात तिला ताप सुटेना, दंडावर निळे डाग, दात घासताना हिरड्यांतून रक्त. आठ दिवस डेंगू समजून सलाईन लावली. मग परभणीच्या एका लॅबवाल्यानं स्लाइड बघितली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "उद्या नका, आजच निघा." पुण्यात कमरेच्या हाडातून मॅरो, म्हणजे हाडातला मगज, काढून तपासला. ए.एम.एल. निघाला, रक्ताचा कॅन्सर.

पहिली किमो सात दिवसांची. एक औषध रात्रंदिवस चालू, त्यातले पहिले तीन दिवस दुसरं एक लाल रंगाचं. त्यानं लघवी लाल होते हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. रक्त जातंय म्हणून ती बाथरूममध्येच बसून राहिली. असो. आजार मागे हटला, रेमिशन म्हणतात ते आलं. पण जनुकांचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले की नुसत्या किमोवर हे टिकणार नाही, ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याचा मॅरो तिच्या अंगात घालणं, करावंच लागेल. तोवर आजार दाबून ठेवायला दुसऱ्या प्रकारची किमो. तिचा पहिला राऊंड संपून आज आठ दिवस झाले. पुण्यात दवाखान्याजवळ एक खोली घेऊन राहतोय.

आता खरी अडचण. तिला एक मोठी बहीण आणि एक धाकटा भाऊ. सख्ख्या भावंडात पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. बहिणीचं जुळलं नाही, भावाचं पूर्ण जुळलं. रिपोर्ट आला त्या दिवशी दवाखान्याच्या कँटीनमध्ये मी दोन चहा एकट्यानं प्यालो.

मेव्हणा पोरगा चांगला आहे. ती ॲडमिट झाल्याबरोबर रक्त द्यायला आला, एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळेस त्याचं घेतलं नाही. "घरच्यांचं नको" एवढंच काउंटरवर सांगितलं. तिथून त्याच्या मनात अढी बसली. परवा फोनवर म्हणाला, "दाजी, माझं रक्त चालंना म्हणायलेत, मग मगज कसा काय चालतोय?" त्यात त्याच्या अक्काचा, म्हणजे माझ्या बायकोचा, रक्तगट ओ आणि त्याचा बी. त्याच्या सासरवाडीत कुणीतरी सांगितलंय की मणक्यात सुई घालून पाणी काढतात आणि माणूस जन्माचा अधू होतो. त्याचा ट्रॅक्टर आहे. कारखाने सुरू झाले की ऊस वाहतुकीची उचल घेतलेली, घरात दोन लहान मुली. त्याची बायको माझ्याशी बोलत नाही, आणि तिला तरी दोष कसा देऊ?

माझी बायको म्हणते, "त्याला एक शब्द बोलायचा नाही. मनानं आला तर येऊ द्या." आमचा मुलगा 19 चा, लातूरला शिकतो. मुलगा आईला अर्धा जुळतोच आणि हल्ली अर्ध्या जुळणीवरही ट्रान्सप्लांट होतं, हे त्यानं स्वतः डॉक्टरांना विचारून घेतलं. तो तयार आहे. तर ही म्हणते, लेकराच्या अंगाला सुई लावू देणार नाही. भावाला विचारायचं नाही, पोराचं घ्यायचं नाही. आणि मी रात्री उशाला थर्मामीटर ठेवून बसतो.

मेव्हण्याला कसं सांगावं? गावाकडचे लोक म्हणतात, चार पाहुणे घेऊन जा, भावकीत विषय काढ, बरोबर येतो लायनीवर. मला ते पटत नाही, पण दुसरं सुचतही नाही. आणखी एक: तिला दिवाळीला चार दिवस घरी जायचंय. न्यावं का? तोंड आलंय, भाकरी गिळवत नाही. पैशाचं विचारत नाही, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज टाकलाय, बाकी बघू.

—

रक्तपेढीवाली:

दादा, आधी त्या रक्ताचं बघा, कारण सगळी गाठ तिथेच बसलीय. ट्रान्सप्लांट होऊ शकणार असेल तर जवळच्या नातेवाइकांचं रक्त किंवा प्लेटलेट पेशंटला मुद्दाम देत नाहीत. भावाचं रक्त आधीच अंगात गेलं तर तिचं शरीर त्याच्या पेशी ओळखून त्यांच्याविरुद्ध तयार होऊ शकतं, मग पुढे त्याचाच मॅरो रुजायला अडचण येते. म्हणजे तुमच्या मेव्हण्याला नाकारलं नव्हतं, राखून ठेवलं होतं. काउंटरवर दोन मिनिटं काढून हे सांगायला हवं होतं. आमच्या खात्याची ही जुनी खोड आहे.

रक्तगटाचंही तसंच. मॅरोची जुळणी एच.एल.ए.वर, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणांवर, बघतात, ती गालाच्या आतून कापूस फिरवूनही तपासता येते. ओ आणि बी असेल तर काही जादाची काळजी घेतात, पण त्यामुळे अडत नाही. मॅरो रुजला की पुढे तुमच्या पत्नीचा रक्तगट हळूहळू बी होईल. हे मेव्हण्याला जरूर सांगा, लोकांना फार नवल वाटतं.

प्लेटलेटसाठी गावातली मित्रमंडळी आणा, नातेवाईक नको. मात्र दहा जण आले तर त्यात शिरा चांगल्या असलेले निम्मेच निघतात, तेव्हा गाडी भरण्याआधी फोनवर विचारून घ्या. आणि त्या पिशव्या इरॅडिएट, म्हणजे किरण दिलेल्याच हव्यात, हे दर वेळी विचारा.

—

पांढरा कापूस:

मी दाता आहे. थोरल्या भावाला दिलं, वसमतकडचा आहे मी. तुमच्या मेव्हण्याला जी भीती वाटतेय तीच मला वाटत होती, त्यामुळे हसणार नाही.

माझ्या मणक्याला कुणी हात लावला नाही. पाच दिवस दंडात इंजेक्शन घेतलं, त्यानं हाडातल्या मूळ पेशी रक्तात उतरतात. त्या दिवसांत कंबर आणि मांड्या अशा ठणकल्या की जणू दिवसभर उसाच्या मोळ्या वाहिल्यात. पॅरासिटामॉलवर भागलं. पाचव्या दिवशी दोन्ही हातात सुया, एका हातातून रक्त मशीनमध्ये आणि दुसऱ्यातून परत. चार-पाच तास. ओठांना मुंग्या आल्या, त्यांनी कॅल्शियम दिलं. संध्याकाळी वरणभात खाल्ला. काही ठिकाणी कमरेच्या हाडातून भूल देऊन काढतात, तेही कमरेच्या हाडातून, मणक्यातून नव्हे. मणक्यातलं पाणी ही निराळीच तपासणी, लोकांनी दोन्हीचा काला केलाय. आठवड्यानं मी औत धरलं होतं, तरी त्याला ट्रॅक्टरची मोकळीक दोन आठवडे धरायला सांगा.

आता पाहुण्यांचं. अजिबात नेऊ नका. कारण ऐका: ट्रान्सप्लांटच्या आधी पेशंटला जोराची किमो देऊन तिचा स्वतःचा मॅरो पूर्ण मारून टाकतात. त्या क्षणानंतर दाता मागे फिरला तर माणूस वाचवणं फार अवघड. भावकीसमोर मान खाली घालून हो म्हटलेला माणूस नेमका त्याच वेळी फोन बंद करून बसतो. आज नाही म्हणाला तर मुलगा आहे, देशातल्या दात्यांच्या नोंदणीत शोधता येतं, वेळ आहे. त्याला नाही म्हणायची वाट उघडी ठेवा.

त्याला पुण्याला बोलवा आणि डॉक्टरांना सांगा की याच्याशी एकट्याशी बोला, आम्हाला कुणाला आत घेऊ नका. दात्याची तपासणी शक्यतो वेगळ्या डॉक्टरांकडून होते, तेही मागा. जमलं तर त्याच्या बायकोलाही आत बसवा. माझी आत बसली होती. माझ्यापेक्षा तिनंच जास्त प्रश्न विचारले.

—

हुरडा:

दिवाळीला नेऊ नका हो. आठवा दिवस म्हणजे रक्तातल्या पेशी कमी व्हायला लागल्या, पुढचे दहा-बारा दिवस सगळ्यात वाईट. गावात आता सोयाबीनची मळणी, धुराळा, भुसा, त्यात बुरशी असते आणि ती फुप्फुसात बसते. ताप 100.4 झाला की तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. तुम्ही गंगाखेडहून पुण्याला तासात पोचणार का? तिच्या मनासाठी खोलीच्या दारात पणत्या लावा. आम्ही तेच केलं, फटाक्याचा धूर नको म्हणून खिडक्या बंद करून.

खाण्याचं: ज्वारीच्या कण्या, हुलग्याचं माडगं, येसराची आमटी पण तिखट न घालता. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्यानं खाण्यानंतर गुळण्या. ठेच्याचं नावही काढू नका. कच्ची कोशिंबीर, बाहेरचं दही बंद, पाणी उकळून.

आणि दवाखान्यातून रेल्वेचा सवलतीचा फॉर्म भरून घ्या. कॅन्सर पेशंटला उपचाराच्या प्रवासाला स्लीपर आणि थ्री एसी पूर्ण माफ, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट.

तुम्ही स्वतः जेवता का रात्रीचं?

—

गोदाकाठ:

सगळ्यांचे आभार. रक्तपेढीवाल्या ताईंचं उत्तर मी जसंच्या तसं मेव्हण्याला पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या, दिवसभर उत्तर नाही. संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन आला, माझ्या नव्हे, माझ्या बायकोच्या नंबरवर. अर्धा तास बोलल्या. काय बोलल्या मला सांगितलं नाही, फक्त म्हणाली, "दोघं यायलेत बघा सोमवारी, पनवेल गाडीनं. डॉक्टरांना भेटायला. हो म्हणालाय असं समजू नका."

मुलाबद्दल मी गप्प राहायचं ठरवलंय, ते मायलेकरांनी बघावं.

दिवाळीचं तिला सांगितलं, रडली थोडं. पणत्या घरमालकीणबाईंनी दिल्या.

हुरडा, रात्री मी ब्रेड खातो, खरं सांगायचं तर. माडगं करून बघितलं, गुठळ्या झाल्या. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं का थेट उकळत्यात सोडायचं?

—

हुरडा:

गार पाण्यात. आणि दोघांपुरतं करा.