बॅडलँड्सला तंबूत राहिलेल्यांनो, तुमचे अनुभव सांगा

मंडळी, जूनच्या शेवटी मिनीआपोलिसहून साउथ डकोटातल्या बॅडलँड्स नॅशनल पार्कला जायचं ठरतंय. दोन रात्री तंबूतच काढायच्यात. सोबत ९ वर्षांचा मुलगा आणि भारतातून आलेल्या सासूबाई, वय ६६, चालायला खुटखुटीत आहेत. पार्कातल्या दोन कॅम्पग्राउंडपैकी सीडर पासला राहू की सेज क्रीकला? पाणी, वारा, स्वयंपाक, जे जे घडलं ते सगळं लिहा.

डकोटावारी
आम्ही सेज क्रीकला राहिलो. फुकट आहे, बुकिंग नाही, जो आधी येईल त्याची जागा, म्हणून दुपारच्या आत पोचा. शेवटचा रस्ता कच्चा आहे. पाण्याचा नळ नाही आणि ओढ्याचं पाणी गाळानं इतकं भरलेलं की फिल्टरपण तुंबतो, त्यामुळे चौघांसाठी २ दिवसांचं ४० लिटर गाडीतूनच नेलं होतं आणि ते जेमतेम पुरलं. पहाटे जाग आली ती गवत ओरबाडल्याच्या कर्र कर्र आवाजानं. चेन दोन बोटं उघडून बघितलं तर समोर गवा, म्हणजे त्यांचा बायसन, इतका जवळ की नाकातून निघणारी वाफ दिसत होती!! नियम शंभर यार्ड लांब राहायचा आहे, पण तोच चालत आला तर काय करणार, पोरांना कुशीत घेऊन अर्धा तास चिडीचूप बसलो. तंबूत खायचं काहीही ठेवू नका आणि सकाळी बाहेर पाय टाकायच्या आधी चारही बाजूंना बघा.

सोलापूरकर
वाऱ्याचं मी सांगतो. झाड नाही, आडोसा नाही. रात्री ११ ला वीज कडाडायला लागली, दोन खुंट्या उपटल्या आणि तंबूचा दांडा मोडला, मग उरलेली रात्र गाडीत बसून. तंबूसोबत येतात त्या बारीक खुंट्यांवर बिलकुल विसंबू नका, लांब आणि जाड घ्या. सकाळी चिखल असा की आमच्याकडच्या काळ्या रानात पावसात चप्पल रुतते ना अगदी तसा, बुटाला शेर शेर माती. त्या दिवशी चढाचा ट्रेल सोडून दिला ते बरंच केलं.

पिठलंभात
आजी बरोबर असतील तर सीडर पासच बघा. ९६ जागा आहेत, नळाचं पाणी आहे, बाकावर छप्पर आहे आणि ऑनलाइन बुकिंग होतं. उन्हाळ्यात पारा ३८ च्या वर जातो तेव्हा त्या छपराच्या सावलीची किंमत कळते. शेकोटीला अख्ख्या पार्कात बंदी आहे, गॅसची शेगडी चालते. वाऱ्यानं ज्योत सारखी विझायची म्हणून शेगडी गाडीच्या आडोशाला जमिनीवर ठेवली आणि यांनी बाजूला पत्रा धरला, तेव्हा कुठे पिठलं झालं. दुसऱ्या दिवशी सरळ थालीपीठ आणि दाण्याची चटणी, घरून करूनच नेली होती.

लेकीची आई
आजींना विंडो ट्रेल, पाव मैलाचा आहे, त्रास होणार नाही. मुलाला नॉच ट्रेल, जाऊन येऊन दीड मैल, त्यात ओंडक्यांची शिडी आहे, उतरताना तुम्ही खालच्या बाजूला राहा. आमच्या लेकीला मातीतून डोकावणारं हाडाचं टोक दिसलं. हात लावला नाही, फोटो काढला, जागा नीट लक्षात ठेवली आणि व्हिजिटर सेंटरला जाऊन सांगितलं. रेंजरबाईंनी तिच्याकडूनच फॉर्म भरून घेतला. २०१० मध्ये तिथे ७ वर्षांच्या मुलीला लांब सुळे असलेल्या मांजरासारख्या प्राचीन प्राण्याची कवटी सापडली होती, तेही त्यांनी सांगितलं. लेक गाडीत बसेपर्यंत बोलली नाही, नुसती हसत होती. काही सापडलं तर खिशात टाकायचं नाही, हे मुलाला आत्तापासूनच सांगून ठेवा.

डकोटावारी
एक राहिलंच. वाटेत घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे सूर्यास्त चुकवू नका. आणि पार्कचा दक्षिणेकडचा भाग पाइन रिज रिझर्व्हेशनमध्ये, लाकोटा या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर आहे. 'माको शिचा', म्हणजे वाईट जमीन, हे नाव त्यांचंच. तिकडे गेलात तर ते कुणाचं तरी घर आहे हे मनात ठेवून फिरा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार! दोन्ही रात्री सीडर पास बुक केलं. सेज क्रीकला दिवसा जाऊन गवे लांबूनच बघू. सासूबाईंनी थालीपिठाची भाजणी आजच भाजायला घेतलीये.