मदत हवी आहे: एकाच बेटावर वाणीच्या इतक्या जाती कशा?

नमस्कार मंडळी,

पावसाळ्यात आपल्या अंगणात येणारा वाणी, म्हणजे पैसा किडा, सगळ्यांनी पाहिलाय. त्याचे मादागास्करमधले भाऊबंद माझं डोकं खात आहेत. निसर्ग शिबिरात मुलांना त्यावर बोलायचंय.

तिथे स्फेरोमिमस नावाचे मिलिपीड (म्हणजे वाणीच) आहेत. हात लावला की गोळी होतात. शिवाय चक्क किरकिर आवाजही काढतात! 2014 मध्ये त्यांच्या 7 नव्या जातींची नोंद झाली. काही जाती तर जंगलाच्या एखाद्या छोट्याशा तुकड्यातच सापडतात. पंख नाहीत, चाल मंद, ओल्या पालापाचोळ्याबाहेर टिकणं कठीण. त्यामुळे जंगलाचे तुकडे पडले की दोन्हीकडचे वेगळे पडणार, हे पटतं. पण तेवढ्यानेच नवी जात होते का? नराच्या आवाज काढणाऱ्या अवयवातला फरक आधी येतो की नंतर?

दुसरी अडचण जास्त मजेशीर आहे. स्फेरोमिमसचे जवळचे नातेवाईक मादागास्करमधले इतर गोळी-मिलिपीड नसून भारतातले आर्थ्रोस्फेरा आहेत, आपल्या सह्याद्रीतलेसुद्धा! भारत आणि मादागास्कर सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. मग हे नातं त्याआधीचं समजायचं का? की नंतर कोणी ओंडक्यावरून तरंगत गेलं? (समुद्राचं खारं पाणी त्यांना सोसेल, असं मला तरी वाटत नाही.)

कीटकशास्त्र किंवा जनुकांवर काम करणारं कोणी असेल तर सातवीच्या मुलांना कळेल असं सांगा. सह्याद्रीतल्या आर्थ्रोस्फेराचे स्वतः काढलेले फोटो असतील तर तेही चालतील.