मदत हवी आहे: वंशावळीत नाव माहीत नसलेल्या बायका कशा भरायच्या?

नमस्कार मंडळी, गुहागरच्या घरातली जुनी वंशावळ ग्रॅम्प्स या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतोय. मूळ वहीत सगळे पुरुषच, बायकांच्या जागी नुसतं 'कुटुंब' नाहीतर 'वेळणेश्वरची' एवढंच लिहिलंय (सात पिढ्यांत एका बाईचं नाव नाही, कमाल आहे!). मी आधी सगळीकडे 'अज्ञात' टाकून मोकळा झालो, तर डुप्लिकेट शोधायच्या टूलने माझी खापरपणजी आणि तिची सासू एकच का म्हणून विचारलं. आता नाव रिकामं ठेवून गाव टिपेत लिहू की 'अमक्याची बायको' असं नावातच घालू? त्यात लग्नात नाव बदललेलं असणार, माहेरचं आडनावही ठाऊक नाही. पुढे जेडकॉम फाईल (GEDCOM, वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची फाईल) मुंबईच्या चुलतभावाला पाठवायचीय, तो दुसरं सॉफ्टवेअर वापरतो, तिकडे घोळ नको. तुम्ही कसं करता?