चर्चच्या पाळकांनी उमेदवाराचं नाव घ्यावं का?

नवापूरकर: काल इथे एकाने लिहिलं, "ख्रिस्ती लोकांनी प्रार्थना करावी, राजकारणात पडू नये." वाचून झोप लागली नाही. आमच्या पाळकांनी निवडणुकीआधीच्या रविवारी व्यासपीठावरून एका उमेदवाराचं नाव घेतलं, तेव्हा मी उठून बाहेर आलो. घरात अजून त्यावरून अबोला आहे. त्यांचं नाव घेणं चूकच होतं. पण श्रद्धाच बाहेर ठेवा, हे कसं चालेल? संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्ती होते. अल्पसंख्याकांच्या राखीव जागा नकोत, असं तेच म्हणाले.

धुळ्याचा वकील: भाऊ, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३) बघा. उमेदवाराच्या संमतीने कोणी धर्मावर मतं मागितली तरी निवडणूक रद्द होऊ शकते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी त्यात फक्त उमेदवाराचा नाही, तर मतदाराचा धर्मही धरला.

सातपुड्याचा पोर: कलमं राहू द्या. ख्रिस्ती झालेल्या आदिवासींनी आमच्या देवमोगरा मातेची जत्रा सोडली, होळी सोडली, मग आदिवासीची सवलत कशाला? डिलिस्टिंग, म्हणजे त्यांना जमातींच्या यादीतून काढणं, झालंच पाहिजे.

नवापूरकर: विषय काय, तुम्ही आणलं काय! धर्माची अट १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात आहे. जमातींना ती नाही.

सातपुड्याचा पोर: नाही, म्हणूनच आदिवासी खासदार कार्तिक ओरांव १९६७ पासून ती मागत होते. माझा सख्खा काका चर्चला जायला लागला आणि आजीच्या दिवसांना आला नाही. आई दारात वाट बघत बसली होती. हे कोणत्या कलमात बसतं?

चिंचपाड्याची मावशी: काकाने यायला हवं होतं, बाळा. आता माझं ऐक. मी मावची जमातीची. नवरा मोहाची पिऊन रोज मारायचा. प्रार्थनेला बसायला लागला, दारू सुटली. पोरीच्या जमातीच्या दाखल्याला गेले, तर बाबू माझ्या कोऱ्या कपाळाकडे बघून म्हणतो, "तुम्ही कसल्या आदिवासी?" मी त्याच्याशी मावचीतच बोलले. त्याला एक शब्द कळला नाही. चार खेपा घातल्या. आमची बोली, आमचं कूळ कुठे गेलं?

धुळ्याचा वकील: २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयही म्हणालं, नुसत्या धर्मांतराने जमात जात नाही. रीतिरिवाज, समाजाचा स्वीकार बघावा लागतो.

सातपुड्याचा पोर: रीतिरिवाज! मी तेच सांगतोय. मावशी, तुमच्या पोरीचा दाखला अडवणं वाईट, एवढं मानतो. काकाचं नाही विसरणार.

नवापूरकर: पाळकांचा प्रश्न राहूनच गेला. या रविवारी मी त्यांना तोंडावर विचारणार आहे. परत नाव घेतलं तर परत उठेन.